हात आखडता असताना नाताळच्या घरगुती भेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचा दुसरा वेचा आटोपत आला की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया मला तेच ते प्रश्न विचारू लागतात. रविवारची उपासना संपते, चपला शोधता शोधता एकजण म्हणते, "बाई, औंदा काय करायचं वो नाताळाले?" कापूस अजून घरातच असतो, भाव वाढेल म्हणून थांबवलेला. दुकानदाराची उधारी दिवाळीपासूनची. आणि डिसेंबर तर येऊन ठेपलेला. हे प्रश्न आणि माझी उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली, काही दोन ओळींत संपली. ज्याचा मला अनुभव आहे तेच लिहिलं आहे.

हातात पाचशेच रुपये आहेत आणि घरं चौदा. जमेल का?

जमतं. माझा गेल्या वर्षीचा हिशेब सांगते. दीड किलो शेंगदाणे, दोन किलो गूळ, एक किलो साखर, पतंगी कागद, शिवणाचा दोरा. सगळं मिळून सव्वाचारशेच्या आत. जवस घरचा नव्हता, तो शेजारणीकडून घेतला आणि बदल्यात तिला वाळल्या मिरच्या दिल्या. बाकी सगळं घरातलंच होतं: जुन्या साड्या, उन्हाळ्यातल्या कुरडया, चर्चमधले मेणबत्त्यांचे तुकडे, मागच्या कॅलेंडरची पानं.

पण एक गोष्ट आधीच सांगते. हाताने केलेली भेट आपोआप स्वस्त पडत नाही. एका वर्षी मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तालुक्याच्या गावी गेले आणि चमकी, रिबन, रंगीत मणी, गरम गोंदाची बंदूक असं सगळं घेऊन आले. नऊशे रुपये गेले. त्यातून ज्या शोभेच्या बाटल्या तयार झाल्या त्यांचं कोणी काय केलं, मला अजून कळलेलं नाही. एक मात्र जाऊबाईच्या न्हाणीघरात दिसली, तिच्यात निरमा होता. तेव्हापासून माझा नियम असा की जी वस्तू करायला दुकानात जाऊन सामान आणावं लागतं, ती वस्तू यादीतून बाद. खाण्याचं सामान, कागद आणि दोरा तेवढा सोडून.

कोणाला काय द्यायचं हे ठरवायचं कसं?

इथेच बहुतेकांची गाडी उलटी जाते. आपण विचार करतो, मला काय करता येतं? चिक्की येते, मग सगळ्यांना चिक्की. त्यात दात नसलेली आजीही आली आणि शुगर असलेले काकाही आले.

मी वहीचं एक पान घेते. डावीकडे नाव, उजवीकडे त्या माणसाने वर्षभरात कशाची कुरकुर केली ते. होय, कुरकुर. "चुलीवरचं भांडं उतरवताना बोटं भाजतात," असं मामी जूनमध्ये म्हणाली होती. तिला जुन्या जीन्सच्या कापडाची दोन जाड धरणी शिवून दिली. खर्च शून्य, वेळ एक दुपार. धाकट्या दिराच्या बायकोला गायनाच्या पुस्तकात गाणं पटकन सापडत नाही, तिला सुती दोऱ्याची वेणी घालून पाच रंगांच्या खुणा करून दिल्या. माणसं वर्षभर आपल्याला काय हवं ते सांगतच असतात, पण नाताळच्या तोंडावर ते आठवत नाही. म्हणून पान जानेवारीतच उघडायचं. यंदा उशीर झाला असेल तर आज रात्री जेवताना घरच्यांना विचारा, कोणाच्या तोंडून काय ऐकलं होतं. पोरांना सगळं आठवतं.

"विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून घरचं दिलं," असं म्हणतील त्याचं काय?

म्हणतील. आमच्याकडे एकीने तोंडावरच विचारलं होतं, "काहून वो बाई, बाजारात काही भेटलं नाही का?" मी म्हटलं, "भेटलं ना, पण तुमच्या मापाचं नव्हतं." तिला मी ब्लाउज शिवून दिलं होतं, आणि तिच्या एका खांद्याला उतार आहे हे मला माहीत होतं. तिने ते त्याच दिवशी घातलं.

ज्या भेटीत त्या माणसाचं माप आहे, चव आहे, सवय आहे, तिला कोणी फुकाची म्हणत नाही. कोणालाही चालेल अशी भेट असली की तिची किंमत काढली जाते. आणि देताना "फार काही नाही, असंच आपलं" असं स्वतःच म्हणू नका. आपणच किंमत पाडली की समोरचा तीच धरतो.

सुरुवात कधी करायची?

गोधडी असेल तर पोळ्यानंतर लगेच. आवळा, संत्र्याची साल असं वाळवायचं काही असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कारण दिवस लहान असतो आणि ऊन चारनंतर कामाचं राहत नाही. चटणी आणि चिक्की १५ तारखेनंतरच. तारा आणि मेणबत्त्या कधीही, पोरांना सुटी असेल तेव्हा.

कुरडया, शेवया, पापड मात्र एप्रिल-मेमध्ये होतात. उन्हाळ्यात वाळवण घालताना दोन घाणे जास्तीचे घालून वेगळ्या डब्यात ठेवले तर डिसेंबरमध्ये ती आयती भेट होते. शहरातल्या लोकांना तर गव्हाच्या चिकाच्या कुरडईचं इतकं अप्रूप की त्यापुढे केक मागे पडतो.

खाण्याच्या वस्तूंत सगळ्यात खात्रीची कोणती?

चिक्की. पाव किलो शेंगदाणे मंद भाजून, सालं पाखडून, अर्धे करून घ्या. तेवढाच गूळ, किंवा गोड कमी खाणारं घर असेल तर थोडा कमी. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, त्यात गूळ. गूळ विरघळून फेस आला की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाका. थेंब बोटाला मऊ लागला तर अजून थांबा. कट्कन मोडला, आणि वाटीत टाकला तर टण्ण वाजला, की दाणे घाला, झपाझप हलवा आणि तूप लावलेल्या ताटात थापा. गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. गार झाल्यावर मारू म्हणाल तर बत्ता लागेल. हा पाक झटक्यात पुढे जातो, तेव्हा फोन वाजला तरी उचलायचा नाही. मी एकदा उचलला होता. ती कढई तीन दिवस भिजत होती.

चिक्की हवेत उघडी राहिली की चिघळते. पहिल्या वर्षी मी ती वहीच्या कागदात गुंडाळली आणि लोकांनी कागदासकट खाल्ली. आता घट्ट झाकणाचा डबा, आणि थरांमध्ये तुपाचा हात लावलेला बटर पेपर.

जवसाची चटणी किती दिवस टिकते?

कोरडी ठेवली तर तीन-चार आठवडे सहज, त्यापुढे वास घेऊन बघायचं. जवसात तेल भरपूर आणि ते लवकर खवट होतं. अख्खा दाणा महिनोन्‌महिने टिकतो, पण कुटला की त्याचं घड्याळ सुरू होतं. म्हणून ती आधीपासून करून ठेवू नये. एका वर्षी मी नोव्हेंबरातच करून मोकळी झाले होते. नाताळच्या दिवशी डबा उघडला तर जुन्या वातीच्या तेलासारखा वास. सगळी फेकली.

एक मोठी वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. आठ-दहा लाल मिरच्या, तितक्याच लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, सगळं वेगवेगळं भाजा. लसूण तर अगदी कोरडा होईस्तोवर, कारण ओलावा राहिला तर चटणीला बुरशी धरते. पूर्ण गार झाल्यावर मीठ घालून कुटा. मिक्सरला लावलीत तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भाकरीवर घालून, वरून कच्चं तेल, असं खाणाऱ्या माणसाला ही द्या. चपाती-भात खाणाऱ्या घरात ती मार्चपर्यंत पडून राहील.

संत्रा बागेतला फुकट मिळतो. त्याचं काय करता येईल?

संत्र्याच्या पट्ट्यातल्या, वरूड-मोर्शीकडच्या लोकांनी तरी हा प्रश्न विचारू नये! नाताळच्या वेळेस संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे एका हंगामाचं पीक, तोडणीला आलेला असतो, आणि बारीक फळ, ज्याला व्यापारी चुरी म्हणून बाजूला काढतात, ते ओळखीच्या बागेत मागितलं तर पिशवीभर मिळतं. नागपुरी संत्र्याची साल सैल, हाताने अलगद निघते. आपण फळ खातो आणि साल उकिरड्यावर टाकतो. भेट त्या सालीत आहे.

दहा-बारा संत्र्यांच्या साली चांगल्या धुवा. झाडावर फवारणी होते, त्यामुळे कोमट पाण्यात चोळून धुवायच्या, आणि बागवानाला शेवटची फवारणी कधी झाली ते आधी विचारून घ्यायचं. बाजारातली चकाकणारी, मेण चढवलेली फळं यासाठी घेऊ नका. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा, सालीच्या करंगळीएवढ्या रुंद पट्ट्या कापा. मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, पाणी फेकून द्या. पुन्हा नवं पाणी, पुन्हा फेका. असं तीनदा. ही पायरी गाळली तर कडू जहर लागतं, आणि देणाऱ्याचं नाव वर्षभर निघतं. आता पट्ट्यांच्या वजनाइतकी साखर आणि त्याच्या निम्मं पाणी घालून मंद आचेवर आटवा. अर्धा-पाऊण तास लागतो. पट्ट्या आरपार दिसू लागल्या आणि पाक जवळजवळ संपला की चाळणीवर पसरून दोन दिवस सुकवा, वर मलमलचं फडकं टाकून, कारण माश्यांनाही नाताळ असतो. शेवटी पिठीसाखरेत घोळवा.

उरलेला पाक टाकू नका. संत्र्याचा वास असलेला तो पाक रव्याच्या केकमध्ये घाला. कुकरमध्ये मिठाचा थर, शिट्टी आणि रबर काढलेलं, मंद आच. आमच्या गावात ओव्हन कोणाकडेच नाही आणि केक सगळ्यांकडे होतो.

कुलकुल करायचे का?

आवडत असतील तर करा. आमच्या आज्यांच्या नाताळात कुलकुल नव्हतेच. करंजी, चकली, अनारसे, शेव, हाच आमचा नाताळचा फराळ. कुलकुल गोव्याकडचे आणि वसईकडचे, आमच्याकडे ते सुनांबरोबर आले. काट्याच्या पाठीवर पीठ वळवायला लेकरांना मजा येते एवढं खरं.

शुगर असलेल्यांना काय द्यावं?

जवसाची चटणी, आवळ्याची सुपारी. कुरडया नकोत. आवळा किसायचा, काळं मीठ, आलं, जिऱ्याची पूड लावायची आणि चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायचा. रात्री आत घ्यायचा, दव पडतं. किंवा खाण्याचं देऊच नका. शुगर असलेल्या माणसाला सणाच्या दिवशी सगळे खाण्यावरूनच बोलत असतात, त्याला पायमोजे जास्त गोड लागतात.

फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या घट्ट झाकणाच्या, छान असतात. धुवून वापरल्या तर?

नाही. कितीही धुतल्या तरी नाही. खाण्यासाठी नाही, तेलासाठी नाही, पाण्यासाठी नाही, पोरांच्या खेळण्यासाठीही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जे हुंगल्याने माणूस जातो, त्याच्या डब्यात लोणचं भरायचं नाही. त्या बाटलीला भोक पाडा, म्हणजे दुसरं कोणी वापरणार नाही.

काचेच्या लोणच्याच्या, जामच्या, कॉफीच्या बाटल्या वर्षभर जमवा. गरम पाण्याने धुवून उन्हात पूर्ण कोरड्या करा. झाकणात जुना वास असेल तर रात्रभर त्यात कोरडं बेसन घालून ठेवा.

गोधडी एकटीला जमते का?

जमते, पण मोठी देऊ नका. पूर्ण गोधडीला मला दोन महिने लागतात, तेही संध्याकाळी दिव्याखाली बसून. एवढी मेहनत दोन माणसांसाठी करावी, दहांसाठी नाही. बाकीच्यांना बसकर शिवा, हातभर लांब-रुंद. चर्चच्या फरशीवर डिसेंबरात बसलेल्या प्रत्येकाला त्याची किंमत कळते.

जुनी सुती साडी वर आणि खाली, मध्ये फाटकी लुगडी, शर्टाचे तुकडे. चारही कडा आधी कच्च्या टाक्यांनी जोडून घ्या, मग बाहेरून आत धावदोरा. आणि कापड आधी धुवून घ्या. नवं-जुनं एकत्र शिवलं आणि नंतर धुतलं तर नवं आटतं, जुनं तसंच राहतं, गोधडीला सुरकुत्या पडतात.

माझ्या नणंदेला मी तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, तीन लुगड्यांची गोधडी दिली होती. सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. नणंद काही बोलली नाही. एका कोपऱ्यात लुगड्याचा जुना काठ होता, त्यावर तंबाखूच्या चंचीचा डाग. तो मी मुद्दाम धुवून काढला नव्हता. ती त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत बसली होती.

कापूस घरचाच आहे. त्याच्या उश्या करून दिल्या तर?

आधी गणित करा. १०० किलो कापसातून रुई, म्हणजे बी काढलेला कापूस, निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी सगळी सरकी. म्हणजे एका किलोच्या उशीला तीन किलो कापूस. तो विकला तर किती येतील? आणि हाताने सरकी काढत बसलात तर नाताळ पुढच्या वर्षीचा उजाडेल. पिंजाऱ्याची मजुरी वेगळी. उशी सोडून द्या.

पण ओंजळभर कापसाचं एक फार छान होतं, ते पुढच्याच प्रश्नात.

शेजारी हिंदू आहेत. त्यांना नाताळची भेट द्यावी का, आणि काय?

द्यावी म्हणजे काय, द्यावीच लागते. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट आलेलं असतं आणि ताट रिकामं परत करायचं नसतं. बहुतेक घरी आपण त्याच ताटातून करंज्या पाठवतो.

समोरच्या काकूंना मी दरवर्षी आपल्या शेतातल्या कापसाच्या वाती वळून देते. सरकी काढलेला, हाताने पिंजलेला कापूस, राखेचं बोट लावून वळलेल्या लांब वाती आणि थोड्या फुलवाती. मला हे माझ्या आजीने शिकवलं, तिला तिच्या शेजारणीने. आमच्या मंडळीतल्या एकीने विचारलं, "आपण देवाच्या दिव्याच्या वाती कशा द्यायच्या?" मी म्हटलं, काकूंच्या बोटांत आता वात वळत नाही, संधिवात आहे, आणि माझ्या बोटांत वळते. यापलीकडे मला त्यात काही दिसत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी चिक्की द्यावी. काकू ईस्टरला मला कैरीचं पन्हं पाठवतात.

मेणबत्त्या घरी करणं धोक्याचं आहे का?

घाई केली तर आहे. मेण कधीही सरळ आचेवर ठेवू नका, ते भडकतं. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात डबा ठेवून डब्यात मेणाचे तुकडे टाका. जळत्या मेणावर पाणी तर चुकूनही ओतायचं नाही, झाकण टाकून विझवायचं. लेकरं दूर.

वर्षभराच्या मेणबत्त्यांची बुडखं चर्चच्या सेवकाकडे मागा, तो आनंदाने देईल. जुन्या वाती आणि काजळी गाळून घ्या. साच्याला फुटका कप, स्टीलची जुनी वाटी, नारळाची करवंटी. वात सुती दोऱ्याची तीन पदरी वेणी, आधी वितळल्या मेणात बुडवून सरळ वाळवलेली. आडव्या काडीला बांधून मधोमध लोंबू द्या आणि मग मेण ओता. गार होताना मध्ये खड्डा पडतो, तो दुसऱ्यांदा भरायचा. लोडशेडिंगच्या गावात ही भेट शोभेची राहत नाही, त्याच आठवड्यात पेटते.

तारा कंदील कसा बांधायचा?

बांबूच्या दोन हात लांबीच्या दहा कामट्या. पाच कामट्यांची एक चांदणी, तशा दोन. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. मग मध्ये, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, वीतभर लांबीच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या. चांदणीला पोट येतं आणि ती आपोआप ताणून बसते. दोऱ्यानेच बांधा, तारेने कामटी चिरते. वर पतंगी कागद, गव्हाच्या पिठाची खळ. आत एलईडीचा बल्ब, कारण जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो.

ही भेट एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी द्यायची, आणि नुसती द्यायची नाही, जाऊन दारावर टांगून यायची. म्हाताऱ्या माणसाला शिडीवर कोण चढवणार?

लेकरांसाठी?

पुठ्ठ्यावर सापशिडी, पण त्यात आपल्या गावाची ठिकाणं. शिडी शाळेपासून सुरू, साप नेमका गावातल्या त्या कुत्र्याच्या गल्लीत. फासे चिंचोक्यांचे, एका बाजूने घासून पांढरे केलेले. आमच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांनी ती इतकी खेळली की पुठ्ठ्याला दोनदा ठिगळ लागलं.

आणि लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावर पडलेला असेल तर काढा. पाय मोडला असेल तर बसवा, गेरूचा एक हात द्या. आमच्या गव्हाणीत तोच बैल बसतो, शिंगांना पोळ्याचं बेगड तसंच. खाली तणस, मागे तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, गोठा. बाळ येशू कापडाचा, बैलापेक्षा लहान.

भाजीचं बियाणं भेट म्हणून चालतं का?

परसबाग असलेल्यांना चालतं, आणि पुडीला वजनच नसतं. मेथी, सांबार (कोथिंबीर), पालक डिसेंबरातही पेरता येतं. दोडका, वाल, लाल भोपळा पावसाळ्यासाठी. पुडीवर महिना लिहा. बी राखेत घोळून ठेवलं तर कीड लागत नाही. फक्त गावरान वाणाचंच द्या. संकरित फळातून काढलेलं बी पुढच्या वर्षी काय फळ देईल याचा भरवसा नाही.

काहीच नाही. ना सामान, ना पैसे. मग?

मग काम द्या. चिठ्ठीवर लिहून, तारखेसकट. "जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी तुमचं अंगण सारवून देईन." "तीन दिवस तुमच्याकडे तूर सोंगायला येईन." "तुमच्या पेन्शनच्या कागदांसाठी तालुक्याला सोबत येईन." तारीख नसलेली चिठ्ठी म्हणजे नुसता शब्द, ती कोणी वापरत नाही, मागायला लाज वाटते. आणि लिहिलंत तर जा. आमच्याकडे एक चिठ्ठी अजून फळीवर आहे, तीन वर्षं झाली, देणाऱ्याचं नाव सांगत नाही.

आजीला वाचता येतं पण डोळे अधू झालेत.

तिची दहा-बारा आवडती गाणी मोठ्या अक्षरात लिहून द्या. माझ्या लेकाने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड काळ्या पेनाने लिहिली होती, एका पानावर एकच कडवं, बोटभर उंचीची अक्षरं. सुतळीने शिवली. आजीने ते बाड चर्चमध्ये नेलं, पानं उलटताना असा आवाज व्हायचा की पाळकसाहेब थांबून वाट बघायचे.

पुण्याहून, नागपूरहून येणाऱ्यांना काय द्यावं?

एसटीत मांडीवर मावेल असं. काचेची बाटली नको. वाळवण, चटणी, तुरीच्या हिरव्या शेंगा.

गुंडाळायला काय वापरावं?

जुन्या साडीचा काठ, पळसाचं पान, सुतळी. छापलेल्या वर्तमानपत्राची शाई पदार्थाला लागते, म्हणून खाण्याची वस्तू त्यात सरळ गुंडाळू नका. वरून बांधायला पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, वाळलेलं बोंड लावा, कापूस काढून घेतलेलं. चार-पाच पाकळ्यांचा तो आयता तारा असतो, आपल्याकडे पायाखाली तुडवला जातो. आत अळी नाही ना ते बघून घ्या. पऱ्हाटीचंच नाताळाचं झाड करणाऱ्यांनीही सण झाला की ते घरात किंवा गोठ्याशी साठवू नये. बोंडअळी त्यातच मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते.

२५ तारखेपर्यंत झालंच नाही तर?

६ जानेवारी धरा. पूर्वेकडचे मागी लोक, म्हणजे ज्ञानी ज्योतिषी, बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले, त्यांचा दिवस तोच मानतात. मी दोन वर्षांपूर्वी तापाने पडले होते, सगळ्या भेटी ६ तारखेला वाटल्या. एका घरी म्हणाले, "बरं झालं बाई, नाताळाची मिठाई आता संपली होती." चिक्कीचा डबा दारातच उघडला गेला.